चिंचवडची पायी सफर

इटलीतील सिएनाने 1960च्या दशकात जुन्या शहराच्या मध्यभागातून मोटारी हद्दपार केल्या. पिंपरी-चिंचवडचे इटलीशी नाते जुळले ते व्हेस्पा स्कूटरमुळे. बजाजने ती येथे इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बनवली. परवाना संपल्यावर 1972 मध्ये स्वतःची चेतक स्कूटर आणली. म्हणजे इटलीहून येथे रमतगमत चालण्याची सवय आली नाही, न चालण्याची सोय मात्र आली.

तरीही चिंचवडगाव पायी पाहण्यासारखे आहे. पवनेकाठी गणेशभक्त मोरया गोसावींचे समाधी मंदिर आहे. जवळच मंगलमूर्ती वाडा आणि चापेकर बंधूंचा वाडा. 22 जून 1897 रोजी पुण्याच्या गणेशखिंडीत ब्रिटिश अधिकारी रँडवर गोळी झाडणारे दामोदर चापेकर याच गावचे. अंतर काही मिनिटांचे. चापेकर चौकात रस्ता ओलांडण्याचा वेळ वेगळा धरावा. पदपथ आहेत, पण त्यांवर दुचाक्या, टपऱ्या आणि विजेचे डीपी आधीच स्थिरावलेले असल्याने पादचाऱ्याने गटाराच्या झाकणांवरून तोल सांभाळत जाण्याचा प्रघात आहे. झाकण असेलच, अशी खात्री धरू नये.

पुढचा टप्पा मात्र वाहनाने गाठण्याचा: चाकणचा संग्रामदुर्ग. 1660 मध्ये किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट मुघल सरदार शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला. आता किल्ल्याचे थोडेच अवशेष उरले आहेत. वेढा तेवढा शाबूत असून तो कंटेनर, ट्रेलर आणि कंपन्यांच्या बसगाड्या चाकणच्या तळेगाव चौकात रोज घालतात. किल्ला पाहायचा असेल, तर शिफ्ट सुटण्याआधी पाहून निघावे.