पिंपळावरून सविनय

प्रति,
समस्त भगत, मांत्रिक, देवऋषी, लोकलच्या डब्यातले बाबा बंगाली आणि भूत उतरवण्याचा पिढीजात किंवा हौशी धंदा करणारे इतर महोदय,
कल्याण ते कर्जत.

विषय : भुते धरणाऱ्यांना किमान आचारसंहिता लागू करण्याबाबत.

अर्जदार : मोरिवली हद्दीतील एक मुंजा, एक हडळ, दोन खवीस आणि एक वयोवृद्ध समंध.

महोदय,

अर्जदार हे अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे जुने रहिवासी आहेत. औद्योगिक वसाहत आली, गावाभोवती धुराडी उभी राहिली, पिंपळ रस्तारुंदीकरणात गेला आणि मुंजाला विजेच्या डीपीवर बिऱ्हाड हलवावे लागले, तरी कोणी गाव सोडले नाही. (सोडून जाणार कुठे? बदलापूरला आता भुतांनाही भाडे परवडत नाही.) वंशाचा दाखला मागाल तर तोही जवळच आहे. वालधुनीच्या काठचे अंबरनाथाचे देऊळ शके 982 चे, म्हणजे 1060 सालचे. शिलालेखात शिलाहार राजा मांबाणीचे नाव आहे. आत बसलेल्या देवाचे एक नाव भूतनाथ. त्याच्या गणांत अर्जदारांच्या भाऊबंदांची नोंद पुराणांनीच करून ठेवली आहे. तेव्हा हा अर्ज उपऱ्यांचा समजू नये.

अर्जदारांची तक्रार भुते धरण्याबद्दल नाहीच. देवाचे नाव घेऊन राक्षसांच्या मागे लागणे हा या मुलखातला प्रतिष्ठित उद्योग आहे, आणि त्याला एके काळी काही रीत होती. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांना मारले. पण शरण आलेल्या मणीला देवाजवळ जागा मिळाली, मल्लाचे मस्तक मात्र पायरीशी आले. म्हणजे शिक्षा गुन्हेगार पाहून. सिंधुदुर्गात आरवलीला तर वेताळाची रीतसर नेमणूकच झाली. तो वेतोबा होऊन गावाची राखण करतो, रात्रभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला मोठमोठ्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. अर्जदारांपैकी थोरल्या खविसाने मोरिवलीत अशाच पदाची चौकशी केली होती. सिक्युरिटीचे काम कंत्राटदाराकडे गेल्याचे त्याला कळले. आणि एकनाथांनी भारुडात देवालाच भूत ठरवले. ते भूत लागलेल्याला ते उतरवून घ्यायची इच्छाच होत नाही, एवढाच काय तो त्याचा त्रास.

परदेशी सहव्यावसायिकांनी तर नियम लिहूनच काढले. 1614 साली रोमच्या चर्चने आपल्या विधिग्रंथात भूत काढणाऱ्या पाद्र्याला बजावले, की कोणाला भूत लागले आहे यावर चटकन विश्वास ठेवायचा नाही. आजार आणि उदासी यांची लक्षणे वेगळी ओळखायची. औषध द्यायचे नाही, ते वैद्याचे काम. बघ्यांची गर्दी जमवायची नाही. आणि भुताशी फाजील गप्पा मारायच्या नाहीत. पुढे बिशपची परवानगीही सक्तीची झाली. 1999 मध्ये हे पुस्तक नव्याने काढले, तेव्हाही सावधगिरीचा सूर कायम राहिला.

यातला फाजील गप्पांचा नियम अर्जदारांना विशेष आवडला. महोदयांची पद्धत नेमकी उलटी असते. केस धरून ‘बोल, तू कोण? तुला कोणी पाठवलं?’ असे विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत विचारतच राहायचे. मार चुकवायला माणूस काहीही बोलतो. हडळीचे निरीक्षण असे, की अशा वेळी तिचे नाव क्वचितच येते. येते ते शेजारच्या विधवेचे, वाटणी मागणाऱ्या भावजयीचे, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे. भूत एकाच्या अंगातून निघते आणि गावाच्या हातात जाते.

अर्थात नुसत्या नियमाच्या कागदाने भागत नाही, हेही अर्जदारांना ठाऊक आहे. जर्मनीत क्लिंगेनबर्गची एक तेवीस वर्षांची विद्यार्थिनी 1976 मध्ये मेली. तिला अपस्माराचे निदान झालेले होते. बिशपची परवानगी घेऊन दोन पाद्र्यांनी काही महिन्यांत तिच्यावर 67 वेळा विधी केले. ती खायची थांबली आणि उपासमारीने गेली. 1978 मध्ये न्यायालयाने दोन्ही पाद्री आणि आईवडील यांना दोषी धरले. सगळे सोपस्कार पूर्ण झाले होते. डॉक्टर मात्र शेवटी कोणी बोलावला नव्हता.

आता घरचे. जुलै 2020 मध्ये कल्याणजवळच्या अटाळी गावात पन्नाशीचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली त्याची आई यांच्यातले भूत काढायचे ठरले. काढणारे नात्यातलेच होते, सोबत मांत्रिक. अंगावर हळद टाकून काठीने मारत राहिले. दोघेही मेले. अटाळी मोरिवलीपासून लोकलने तासाभराच्या आत आहे. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारले; त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या. मार्च 2024 मध्ये मुरबाड तालुक्यात पंचाहत्तर वर्षांच्या एका माणसाला करणी करतो म्हणून पेटत्या निखाऱ्यांवर नाचवले.

इथे समंधाने, म्हणजे अर्जदारांतल्या सर्वांत ज्येष्ठाने, टिपण नोंदवायला सांगितले आहे. या तिन्ही ठिकाणी अर्जदारांपैकी किंवा त्यांच्या नात्यातले कोणीही हजर नव्हते.

महोदयांसाठी आचारसंहिता नव्याने लिहिण्याची गरज नाही, ती शासनाने लिहून ठेवली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर तिच्यासाठी वर्षानुवर्षे मागे लागले होते. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, आणि जे विधेयक इतकी वर्षे अडले होते त्याचा वटहुकूम आठवड्याभरात निघाला. डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. नाव एवढे लांब आहे की ते म्हणून होईस्तोवर कोणतेही भूत कंटाळून निघून जावे. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. सोबतच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. पहिलीच बाब महोदयांच्या हत्यारांची यादी वाटावी अशी आहे : दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीचाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, छताला टांगणे, केस उपटणे, चटके देणे, तोंडात मूत्र वा विष्ठा घालणे. एखाद्याला करणी करणारा ठरवणे हाही गुन्हा, आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणे हाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कीर्तन, भजन, प्रवचन, यात्रा, परिक्रमा यांना हात लावलेला नाही. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायलाही मोकळीक आहे. धर्म बुडाला अशी ओरड झाली होती. अंबरनाथच्या देवळात महाशिवरात्रीची रांग मात्र तेवढीच लागते.

कायद्यात अर्जदारांना एकच उणीव दिसते. तक्रार माणसाला करता येते, भुताला नाही. ज्याच्या नावावर मारहाण झाली त्याची साक्षच घेतली जात नाही. म्हणून पुढची कलमे अर्जदारांनी स्वतःच्या वतीने जोडली आहेत.

महोदयांनी भूत ठरवण्याआधी डॉक्टरचे मत घ्यावे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे, तिथे मंत्र न म्हणताही खिडकीवर केसपेपर निघतो. फोनच करायचा तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फुकट आहे. पलीकडचा माणूस ‘तुला कोणी पाठवलं’ असे विचारत नाही. साखळी वर्ज्य. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली. दर्ग्याच्या आसऱ्याने बरे होतील म्हणून आणलेले मनोरुग्ण झोपडीत साखळदंडाने बांधलेले होते. त्यांतले 28 जण गेले. ज्यांना पळता आले असते ते जागच्या जागी जळाले, हे ऐकून धाकटा खवीस आठवडाभर कोणाला भेटला नाही.

पुढचे कलम हडळीचे. भूत नेमके सुनेलाच का लागते, सासऱ्याला का नाही, याचा महोदयांनी खुलासा करावा. अर्जदारांना सासरे वर्ज्य नाहीत. नगरसेवक, बिल्डर, पतपेढीचे चेअरमन हेही वर्ज्य नाहीत. अमावास्येला उशिरापर्यंत तेच बाहेर असतात. तरी केस धरून आपटल्याची एकही तक्रार त्यांच्याकडून आलेली नाही.

शेवटचे कलम शिकारीच्या क्षेत्राबद्दल आहे आणि त्यावर अर्जदारांत जराही मतभेद नाही. सप्टेंबर 2024 मधल्या एका रात्री मोरिवलीच्या एमआयडीसीतून रासायनिक धूर सुटला. पांढरा, जमिनीलगत सरकणारा, पाय नसलेला. तो अंबरनाथ शहरात शिरला. माणसांचे डोळे चुरचुरले, घसे धरले, लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. त्याआधी 2014 च्या अखेरीस उल्हासनगरच्या बाजूला कोणीतरी रात्री वालधुनीत रसायने ओतली, आणि वडोलगावच्या परिसरातल्या शेकडो लोकांना श्वास लागून दवाखान्यात न्यावे लागले. रात्री येतो, दिसत नाही, गळा धरतो, नाव सांगत नाही : महोदयांच्या पोथीतली सगळी लक्षणे. त्या दोन्ही रात्री लिंबू घेऊन कारखान्याच्या गेटवर किंवा नदीकाठी एकही मांत्रिक आला नव्हता. मुंजा डीपीवरून पाहत होता, त्याची खात्री आहे. यापुढे असा धूर सुटल्यास किंवा नदीत टँकर रिकामा होताना दिसल्यास महोदयांनी आधी तिकडे जावे, टँकरच्या ड्रायव्हरला ‘बोल, तुला कोणी पाठवलं?’ असे विचारावे. तो प्रश्न तिथे अगदी योग्य आहे. मारहाण मात्र तिथेही करू नये.

आपले विश्वासू,
वरील पाच अर्जदार (सह्या दिवसा दिसणार नाहीत).

ता. क. : लोकलच्या डब्यात ‘24 तासांत गॅरंटीने काम’ असे स्टिकर चिकटवणाऱ्या महोदयांनी 1954 चा औषधे व जादूई उपचार जाहिरातबंदी कायदा एकदा वाचावा, तो त्यांतल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठा आहे. आणि हिशेबाचा विषय राहिला. उताऱ्यासाठी म्हणून घरोघरी काळे कोंबडे, नारळ, दहीभात आणि दारूची बाटली भुताच्या नावावर मागितली जाते. दहीभात तिठ्यावर पोहोचतो, तो कुत्री खातात. बाटलीचे बूच पोहोचते. कोंबडे आजवर एकाही अर्जदाराला मिळालेले नाही. मागील पाच वर्षांच्या कोंबड्यांचा तपशील, पावत्यांसह, येत्या अमावास्येपर्यंत डीपीजवळ ठेवावा.