आमच्या घरच्या ‘शेती’बद्दल

किचनर, ओंटारिओ

ती. सौ. आईस,


कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. काल फोनवर तू इतकी दबक्या आवाजात बोलत होतीस की मला वाटलं, अप्पांनाच काही झालं. मग कळलं, नंदूकाकांनी आमच्या घरी गांजाची शेती शोधून काढलीय! व्हिडिओ कॉलवर त्यांना दिसला तो कढीपत्ता. गांजा शेजारच्या आजोबांचा, तळघरात, दिव्यांखाली. आणि तोही कायदेशीर. इथे ऑक्टोबर २०१८ पासून चार झाडं चालतात, माणशी नव्हे, घरटी. पलीकडच्या क्वेबेकात मात्र एकही नाही. तिथला वाद पार सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२३ मध्ये बंदीच कायम राहिली. काकांना हे वाचून दाखव. शिरपूरकडच्या गांजाच्या शेतांवरल्या धाडींच्या बातम्या वाचून त्यांची झोप उडाली असेल.

आजोबांचा आमच्याशी संबंध एवढाच, की आमच्या कढीपत्त्याचे डॉक्टर तेच. आधी कुंडीतून चिलटं उठायला लागली. मी औषध विचारलं, तर म्हणाले, पाणी तोड. अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात वाढतात. तो थर वाळू द्यायचा आणि पिवळे चिकट कागद खोचायचे. नवशिके झाडं मारतात ती पाणी घालूनच, म्हणे. तुझे जावई रोज तांब्या घेऊन कुंडीपाशी उभे, त्यांच्याकडे बघून म्हणाले की काय कोण जाणे.

चिलटं गेली, लाल कोळी आला. पानांवर रवा सांडल्यासारखे ठिपके, पान उलटलं की बारीक जाळी. हिवाळाभर हीटर चालू, घरातली हवा कोरडी ठणठणीत, त्याला तेच हवं. तू म्हणालीस, कडुनिंबाचं तेल मार. आई, इथे त्या तेलाला कीडनाशक म्हणून परवानाच नाही! दुकानात बाटली मिळते, पण ‘पानं चमकवण्यासाठी’. अप्पा ज्या झाडाच्या काडीने अजून दात घासतात, त्याचं तेल घ्यायचं आणि ते कशासाठी घेतलं ते मोठ्याने बोलायचं नाही!

मग आजोबांनी सुचवलं, कोळी खाणारे कोळी विकत आण. किंमत चाळीस डॉलर, वर तेरा टक्के कर. म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये मोजून घरात किडे आणायचे! जावयांनी हिशेब केला आणि त्या रात्री भाताला नको म्हणाले. शेवटी कुंडी उचलून न्हाणीघरात नेते आणि शॉवरखाली एकेक पान मागून धुते.

आजोबांचं दुखणं उलटं. गांजाला फुलं धरली की त्याला दमट हवा नको. दाट बोंडात एखादं पान उगीचच वाळलेलं दिसतं, उघडून बघावं तर आत करडी बुरशी. म्हणून पंखा रात्रंदिवस चालू आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली. परवा एक आख्खं बोंड कापून कचऱ्यात टाकलं, कारण बुरशी धुराबरोबर छातीत जाते. फुलांवर तेल-औषध फवारत नाहीत तेही त्याचसाठी. दादाला सांगितलं तर म्हणाला, “अगं, विरळणी कर म्हणावं, पानं काढ, हवा खेळू दे. आमच्या द्राक्षांच्या भुरीला वेगळं काय करतो?” आजोबांना निरोप दिला. आता ते दर भेटीत तासगावच्या द्राक्षांची चौकशी करतात.

खरं सांगू? न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं आपल्या परसातलं झाड आठवतं. फोडणी टाकून मग पानं तोडायला धावायचं. इथे वरणाला तीन पानं घेतली, तरी झाडाकडे बघवत नाही.

बाकी, चिंगीला स्थळ पसंत आहे तर पत्रिकेचा घोळ का घालता? अप्पांच्या मोतीबिंदूचं दिवाळीनंतर ढकलू नका. आणि सुमामावशीला सांग, तिच्या मेतकुटाचा डबा कधीच संपला.

शिट्ट्या झाल्या. येणाऱ्या कोणाबरोबर मेतकूट आणि भाजणी पाठव. कढीपत्त्याचं रोप किंवा बिया मात्र अजिबात देऊ नकोस, विमानतळावर काढून घेतील.

तुझी,
मीनू