ग्रेड वन

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे लिव्हर हा पोटातला अवयव कमी आणि चारित्र्याचा दाखला जास्त. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामींबरोबर गावोगावच्या बाया वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १ एप्रिल २०१५ला बंदी लागली आणि मे २०२१मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवलीही. बंदी असावी की नसावी यावर घराघरांत दोन पक्ष होते, पण एका मुद्द्यावर कोणाचंच दुमत नव्हतं : दारू पिणाऱ्याचं लिव्हर जातं. आता याचा उलटा अर्थ काही कोणी भाषणात सांगितला नव्हता, तो आम्ही न पिणाऱ्यांनी आपला आपण काढून घेतला. आपण पीत नाही, म्हणजे आपलं शाबूत.

पित्ताशयात खडा आहे का ते पाहायला माझी सोनोग्राफी झाली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टात खाली एक ओळ होती : फॅटी लिव्हर, ग्रेड वन. मी आयुष्यभर वर्ग तीनचा कर्मचारी. ग्रेड वन हा शब्द माझ्या नावापुढे पहिल्यांदाच लागत होता आणि तोही वशिल्याशिवाय. यात पुढे ग्रेड टू, ग्रेड थ्री अशी बढती असते आणि ती आपणहून नाकारायची असते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्याआधी त्यांनी विचारलं, "घेता का?" मी नाही म्हणालो. "कधीमधी?" नाही. "लग्नाबिग्नात?" इतक्या वेळा नाही म्हटल्यावर माझा मलाच संशय येऊ लागला.

खरी उलटतपासणी मात्र कॉलनीत झाली.

"का म्हंता जी! सर, तुमी बी?"

"अहो भाऊ, नॉन-अल्कोहोलिक आहे."

"हौ, हौ. सारेच तसंच म्हंतात." मग आवाज खाली आणून, "पण बंदीत कोठून आणत होते जी?"

या 'नॉन'पायी जगभरातल्या कितीतरी पापभीरू लोकांना खुलासे द्यावे लागले असतील. १९८०मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी वीस रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांची यकृतं सूक्ष्मदर्शकाखाली थेट दारुड्यांसारखी दिसत होती, पण दारूचा इतिहास काही सापडेना. तेव्हापासून दारूचं नाव घेऊनच दारू नाही असं सांगायची पद्धत पडली. शेवटी २०२३मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नावातून दारू काढून टाकली आणि तिच्या जागी चयापचयाचा बिघाड घातला. ही दारूबंदी आमच्या टपरीपर्यंत अजून आलेली नाही.

आत घडतं ते असं. यकृत हे जेमतेम दीड किलोचं पण भलतंच कामसू खातं. गरजेपेक्षा जास्त आलेला भात, साखर, बिस्किटं यांचं ते चरबीत रूपांतर करतं आणि पोट सुटलेलं असलं, इन्सुलिनचा शब्द शरीर ऐकेनासं झालं, की ती चरबी त्याच्याच पेशींत साचत जाते. शंभरातल्या पाचाहून अधिक पेशींत ती दिसली की झालं फॅटी लिव्हर. दुखत नाही, खुपत नाही. बहुतेकांचं तेवढ्यावरच थांबतं. काहींच्या यकृताला सूज येते, पुढे वण धरतात आणि थोड्यांची गाडी सिऱ्हॉसिसपर्यंत जाते. मधुमेह असेल तर हा धोका वाढतो, म्हणून वय, रक्तातली यकृताची एन्झाइमं आणि प्लेटलेट यांवरून वण कितपत धरले असतील याचा एक साधा हिशेब डॉक्टर मांडतात. हिवाळ्यात विदर्भातल्या तळ्यांवर पट्टकादंब पक्षी येतात. तेही प्रवासाआधी खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतात, पण मग हिमालय ओलांडताना ती जाळून टाकतात. मी साठवण तेवढी त्यांच्यासारखी केली आणि प्रवास बल्लारपूरपर्यंत, एसटीने.

"पण तुमी तर बारीक दिसता," असं म्हणून काही जण धीर देतात. त्यांना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो सांगतो. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही अगदी सारखं, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय माणूस वरून काडी आणि आतून लोणी असू शकतो, हे स्वतःच्या अंगाची मापं छापून सांगणारा हा शास्त्रज्ञ मला फार आवडतो. दिलदारीत त्यांच्या शेजारी बसवावेत ते गडचिरोलीचे डॉ. अभय बंग. जंगलात राहून लोकांचं आरोग्य सांभाळणाऱ्या या माणसाला स्वतःलाच हृदयविकार झाला आणि त्यातून 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं गेलं. हृदयाचं नशीब थोर. यकृताला अजून असा लेखक मिळायचा आहे. सरकारने मात्र २०२१मध्ये फॅटी लिव्हरला मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रीतसर जागा दिली.

उपाय ऐकायला सोपा आहे. वजन पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही ओसरते. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने पाच ते सात किलो घालवायचे, तेही उपासतापास करून झटक्यात नाही, हळूहळू. अमेरिकेत २०२४मध्ये या आजारावरचं पहिलं औषध मंजूर झालं, पण तेही यकृतात वण धरलेल्यांसाठी. ग्रेड वनवाल्याचं औषध त्याच्या ताटातच आहे, आणि आमच्या पूर्व विदर्भात ताट म्हणजे भात. तो निम्म्यावर आणून त्या जागी वरण, भाजी आणि जवसाची चटणी वाढवली, तर घरची पाहुणी मावशी विचारते, "जेवले की नुसते बसून उठले जी?" त्यातून दिवाळी सरली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव रात्रभर खेळ करतात. दारुड्याच्या संसाराची वाताहत पाहून डोळे पुसत, निर्व्यसनी प्रेक्षक पहाटेपर्यंत गोड चहा आणि भजी रिचवत असतो.

डॉक्टर म्हणाले, रोज पहाटे झपाझप चाला, आठवड्यात दीडशे मिनिटं तरी भरू द्या. वनखातं सांगतं, पहाटे अंधारात एकटे फिरू नका. दोघांचंही खरं आहे. इथे वीज केंद्राच्या आवारातसुद्धा वाघ-बिबटे फिरतात, आणि मोहफुलं वेचायला पहाटे रानात गेलेली माणसं परत न आल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यांच्या चालण्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. उशिरा निघावं तर मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पलीकडे. शिवाय चालण्याची डॉक्टरी मोजपट्टी अशी, की चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. वनखात्याचं म्हणणं, गटाने जा, आवाज करत जा. आमच्या गटाने संध्याकाळची वेळ आणि मोठ्या आवाजात राजकारण, असा मधला मार्ग काढला आहे. राजकारणावर दमही चांगला लागतो.

घरगुती इलाजांना तोटा नाही. गुळवेल तर चालून येते. कोविडच्या काळात ती भरपूर घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. त्या वादात न पडता मी वेल कुंपणावरच राहू दिली. त्यापेक्षा कॉफी बरी. दिवसाला दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांच्या यकृतात वण कमी आढळतात, असं बऱ्याच पाहण्यांत दिसून आलंय. अट एवढीच, की साखर नको. तेलंगण आमच्या शेजारीच. गल्लीतल्या तेलुगू अम्मांच्या घरची फिल्टर कॉफी प्रसिद्ध आहे. त्यांना म्हटलं, बिनसाखरेची द्या. त्यांचा हात थबकला. "घरात कोणी आजारी आहे का?"

आता हो म्हणावं, तर मला काही म्हणजे काहीच होत नव्हतं. आणि कारण सांगायला गेलो असतो, तर सुरुवात परत त्या 'नॉन'पासून करावी लागली असती. मी म्हटलं, "एक चमचा चालेल."

त्यांनी दोन घातले.