ढगाखालची मंडळी

हौशी वैमानिक विमान उडवतो, हा लोकांचा गोड गैरसमज आहे. तो मुख्यतः हवामान बघतो. विमान हे निमित्त.

आमचे मेहुणे विस्कॉन्सिनमध्ये असतात. सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटर, शनिवार-रविवार वैमानिक. खासगी परवान्यासाठी तिथला कायदा किमान ४० तासांचं उड्डाण मागतो. मेहुण्यांनी सढळ हातानं त्याहून बरेच जास्त दिले. विमानही आहे, म्हणजे एका सेस्ना १७२ मध्ये चौथा हिस्सा आहे. १९५६ पासून या जातीची ४४ हजारांवर विमानं तयार झाली, पण त्यातल्या एकाच्या पाव भागानंही माणसाला स्वर्ग दोन बोटं उरतो. आमची बहीण मात्र विचारते, ‘दादा, ह्याच्या वाटणीला नक्की काय आलंय रे? पंख की चाक?’

मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा एका शनिवारी सकाळी पॅनकेकचा मेळावा होता. तिकडे एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन नावाची हौशी वैमानिकांची संस्था आहे, १९५३ साली मिलवॉकीला निघालेली. तिच्या गावोगावच्या शाखा असे नाश्ते भरवतात. आसपासच्या छोट्या विमानतळांवरून मंडळी आपापल्या विमानानं यायची, हँगरमध्ये पॅनकेक खायची आणि उडत घरी जायची, असा बेत. विमानानं जाऊन खाल्लेल्या साध्या बर्गरला हे लोक ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. भाव जुना आहे. आता तेवढ्यात बर्गरच्या वासापर्यंतही पोचता येणार नाही.

शुक्रवारी रात्रीपासून मेहुण्यांचं मेटार वाचन सुरू झालं. मेटार म्हणजे विमानतळावरचा तासातासाचा हवामान-अहवाल. सगळा मोठ्या लिपीत, काटकसरीनं स्वर गाळलेला. पहाटे पाचला त्यांनी तो मोठ्यानं वाचला. ‘ओव्हीसी झिरो झिरो फोर’, म्हणजे चारशे फुटांवर आभाळ गच्च. नजरेनं बघत उडायचं तर विमानतळाभोवती ढगाचं बूड निदान हजार फुटांवर हवं आणि तीन मैलांवरचं दिसायला हवं. ‘सहापर्यंत उघडेल,’ मेहुणे म्हणाले. सहा वाजता ‘सातपर्यंत’ म्हणाले. सात वाजता बहिणीनं गाडीची किल्ली घेतली.

तिथे पोचलो तर विमानांच्या फलाटावर चिटपाखरू नाही आणि गाड्यांच्या आवारात मात्र पाय ठेवायला जागा नाही. सगळे वैमानिक रस्त्यानं आले होते. पोशाखात कुणी कसूर केली नव्हती. चामडी जाकिटं, खांद्याला हेडफोनची पिशवी, डोक्यावर विमानांच्या टोप्या. दोघांनी तर त्या धुक्यात काळे चष्मे लावले होते. त्यांना चहाचा थर्मास सापडत नव्हता तो चष्म्यामुळे की धुक्यामुळे, हे मी विचारलं नाही.

हँगरमध्ये दर पाच मिनिटांनी एकजण उठे, बाहेर जाऊन वर बघे आणि परत येऊन म्हणे, ‘उघडतंय.’ मग बाकीचे आलटून पालटून जाऊन खात्री करून येत. सगळ्यांच्या खिशात तोच अहवाल होता, पण आकाशाचं स्वतः दर्शन घेतल्याखेरीज कुणाचं समाधान होत नव्हतं.

वैमानिक हातांनी बोलतो. इथे एका हातात बशी असल्यानं विमान काट्यानं उडवावं लागत होतं. एका आजोबांनी आडव्या वाऱ्यात कसं उतरलो ते सांगताना काटा असा तिरका आणला की पाक माझ्या बुटावर उतरला. शेजारी घरच्या घरी विमान बांधणारे एक गृहस्थ होते. कायद्यानं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच करावं लागतं; उरलेलं बायकोच्या सहनशक्तीवर चालतं. ‘नव्वद टक्के झालंय,’ ते म्हणाले, ‘आता फक्त नव्वद टक्के राहिलंय.’ हा विनोद ते गेली कित्येक वर्षं करत असावेत, कारण त्यांची बायको तो चालू असतानाच उठून कॉफी आणायला गेली.

मग २०१० चं ऑशकॉश निघालं. जुलैच्या अखेरीला तिथे या संस्थेची मोठी जत्रा भरते. त्या वर्षी पावसानं गवताचा असा राडा झाला की विमानं उभी करायला कोरडी जमीन उरली नाही. कितीतरी जणांना आजूबाजूच्या विमानतळांवर उतरावं लागलं. लोकांनी त्याचं ‘स्लॉशकॉश’ करून टाकलं. पुण्यात पानशेतच्या पुराबद्दल बोलतात तशा मालकी हक्कानं ही माणसं त्या चिखलाबद्दल बोलत होती. हवामानापुढे हरण्याची परंपराही थोर आहे म्हणा. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान चौथ्यांदा उडून जमिनीवर आलं आणि सगळे बोलत उभे असताना वाऱ्यानं ते उलटंपालटं करून टाकलं. ते पुन्हा कधी उडालं नाही.

एवढ्यात नुकताच परवाना मिळालेला एक पोरगा म्हणाला, ‘परत जाऊन विमान काढलं आणि ढगाच्या खालून आलं तर? अर्ध्या तासाचं तर अंतर आहे.’

टेबलावरचे काटे थांबले. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. केवळ उपकरणं बघून उडण्याची सवय नसलेल्या वीस वैमानिकांना ढगात शिरल्याचा आभास दिला. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. हा आकडा त्या टेबलावर सगळ्यांना पाठ होता, पण कुणी उच्चारला नाही. काटेवाल्या आजोबांनी त्या पोराच्या बशीत दोन पॅनकेक वाढले. विमान बांधणाऱ्यांनी आणखी एक. मेहुण्यांनी वरून लोणी घातलं. लग्नातसुद्धा असा आग्रह मी पाहिलेला नाही. पोरगा हलायच्या स्थितीत राहिला नाही.

साडेअकराला खुर्च्या आवरता आवरता लख्ख ऊन पडलं. मेहुण्यांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. ‘दादा, चला! आपलं विमान दहा मिनिटांवर आहे. एक चक्कर मारून येऊ.’

बहिणीनं पर्समधून फोन काढला, डोळे बारीक केले.

‘ढग गेले ते वाऱ्यानंच गेलेत. सोळा नॉट, झोत चोवीसचे, आणि धावपट्टीला सरळ आडवा. तुझ्या पुस्तकात पंधरा लिहिलेत ना? बस गाडीत.’