पळती अक्षरं

आमच्या एसटी स्टँडसमोर रेडियमचं दुकान आहे. मालकाला सगळे 'पेंटर' म्हणतात. पेंटर होते ते त्याचे वडील. याने ब्रश धरला तो फक्त दाढीचा. दुकानातल्या रेडियममध्येही रेडियम नसतं, चिकट व्हिनाइलच्या गुंडाळ्या असतात. पण याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो नावं चिकटवतो.

अक्षर त्याच्याकडे एकच: जाड, टोकं गोल आणि उजवीकडे कललेलं. स्टँडमागे एक टेम्पो चारही चाकं काढून विटांवर उभा आहे, पण त्याच्या पाठीवरचं 'जय मल्हार' केव्हाच जेजुरीला निघालंय.

"जाड आणि गोल कशाला रे नेहमी?" मी एकदा विचारलं.

"टोकदार कोपरा उचलतो, सर. एकदा पोरांचं नख लागलं की अख्खं अक्षर घरी. आणि बारीक रेघ सोलतानाच तुटते."

म्हणजे यामागे शास्त्र आहे. कोरल ड्रॉमध्ये तो अक्षराला त्याच रंगाची जाड आउटलाइन देतो, कोपरे 'राउंड' करतो. हडकुळं अक्षर दोन क्लिकमध्ये बाळसं धरतं. मग स्क्यू करून तिरपं, मग वेल्ड करून सलग. वेल्ड विसरलं तर प्लॉटरचं ब्लेड शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावरून फिरतं आणि 'गणेश' तीन तुकड्यांत विसर्जित होतो. शेवटी चिमट्याने फालतू रेडियम सोलायचं. 'बाबा'च्या पोटातली चार भोकं मोकळी करताना तो श्वास रोखून धरतो. तेव्हा मागून कोणी हाक मारली, तर त्याला मी जबाबदार नाही.

मराठी अक्षराला तिरपं होण्याची सवय नाही. शिरोरेषा जागची हलत नाही, खालचे पाय तेवढे मागे जातात. दोरीवरचे कपडे वाऱ्याने उडावेत तसे. त्यात रफार पुढे झुकतो. 'आशीर्वाद'चा रफार सरकून 'द'च्या डोक्यावर बसतो, आणि गावातल्या निम्म्या रिक्षा आईबाबांचा 'आशीवार्द' घेऊन फिरतात.

गल्लीतले आजोबा गेले, तेव्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलकही यानेच केला. आजोबा अंथरुणात शांतपणे गेले होते. अक्षरं पाहून मात्र वाटत होतं, साडेसातची गाडी चुकेल म्हणून धावत सुटलेत.

त्याचं खरं दुःख नंबर प्लेटचं. इंग्रजी एकेचाळीस एकेचाळीसमधून 'दादा' काढण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. नियमात ते तेव्हाही बसत नव्हतं. पण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठोकळेबाज, उभ्या आकड्यांची सरकारी प्लेट लावूनच मिळू लागली. "सर, आकडे कसे रांगेत उभे केलेत बघा. रेशनला आल्यासारखे."

त्याला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की फोक्सवॅगननेसुद्धा १९७९ मध्ये स्वतःसाठी गोल टोकांचं अक्षर करून घेतलं होतं.

"तिरपं?"

"नाही, सरळ."

"मग ते पार्किंगच्या बोर्डासाठी असेल."

गेल्या महिन्यात सोसायटीच्या फाटकासाठी 'वाहने हळू चालवा' असा बोर्ड त्याच्याकडे टाकला. घ्यायला गेलो तर 'हळू' भरधाव सुटलेला. मी म्हटलं, अरे, हे वाचून माणूस गिअर वाढवेल, सरळ कर की. 'सरळ' हा शब्द ऐकून त्याचा चेहरा पडला. स्क्रीनकडे बघत बसला, उंदीर इकडेतिकडे फिरवला, मग एकदम चुटकी वाजवली.

संध्याकाळी बोर्ड तयार होता. जाड, गोल आणि या वेळी चक्क डावीकडे, मागच्या बाजूला रेललेला.

"ब्रेक मारलाय, सर," तो म्हणाला.

फाटकाशी आता लोक खरंच थांबतात. आपलंच डोकं कललंय की बोर्ड, हे बघायला.