नाव न छापण्याच्या अटीवर जगलेल्या एका सद्गृहस्थांस

राजाजीनगर, बेंगळुरू

प्रति,
श्री. विश्वसनीय सूत्र,
(पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता : उपलब्ध नाही)

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, मी निवृत्त झालो आहे आणि आता स्वतःच्या नावाने लिहू लागलो आहे. ही बातमी तुम्हाला माझ्याआधीच समजली असणार. तरी रीत म्हणून कळवतो.

आपण एकाच खोलीत, एकाच खुर्चीत बसून नोकरी केली. संध्याकाळी सातच्या सुमाराला वार्ताहराचा फोन यायचा. आधी मी बोलायचो : “याबाबत संस्थेला कोणतंही भाष्य करायचं नाही.” मग उठून दार लोटायचं, आवाज खाली घ्यायचा आणि पुढचं तुम्ही बोलायचात. दुसऱ्या दिवशी माझं वाक्य बातमीच्या शेपटीला, तुमचं मथळ्यात. माझं नाव, हुद्दा, सगळं छापून यायचं आणि त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. तुमचं काहीच छापलं जायचं नाही, आणि संचालक मंडळसुद्धा सकाळी पेपर उघडून आपल्याच कंपनीत काय चाललंय ते तुमच्याकडून समजून घ्यायचं. त्या असूयेपोटी हे पत्र लिहितो आहे असं म्हणालात तरी चालेल.

माझी अडचण ओळख करून देण्याची आहे. इथल्या गांधीनगरात आपलं शंभरी ओलांडलेलं महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे कुणी विचारलं, “आपण काय करता?” तर पूर्वी कार्ड पुढे केलं की भागायचं. आता नवीन छापून घ्यायचं तर नावाखाली काय घालायचं? ‘माजी’ घातलं तर निवडणुकीत पडलेला नगरसेवक वाटतो. ‘लेखक’ घातलं तर पुढचा प्रश्न येतो, “कोणतं पुस्तक?” शेवटी प्रसिद्धिपत्रकाच्या तळाशी संस्थेची माहिती देणारा जो ठोकळा असतो, तसा मी स्वतःवर लिहायला घेतला :

‘राजाजीनगर येथे मुख्यालय असलेले प्रस्तुत लेखक संज्ञापन क्षेत्रातील तीन दशकांहून अधिक काळाच्या समृद्ध अनुभवाचे धनी असून, मूल्याधिष्ठित लेखनाच्या माध्यमातून वाचकांशी दृढ नाते जोडण्यास ते कटिबद्ध आहेत.’

मसुदा मंजुरीसाठी सौ.कडे पाठवला. तिने चष्मा लावून तो वाचला, ‘राजाजीनगर’ एवढा शब्द ठेवला, बाकी सगळ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘रिटायर झालेत. घरी असतात. भाजी बरी आणतात.’ इतक्या कमी शब्दांत इतकं खरं लिहिणारा माणूस आमच्या खात्यात असता तर खातं वर्षभरात बंद पडलं असतं.

सूत्रसाहेब, आमच्या जमातीला निवृत्तीनंतर एक विकार जडतो, तो तुमच्या कानावर असेलच. फंडाचे पैसे जमा झाले, ग्रॅच्युइटी आली, मेडिकल कार्ड हातात पडलं, की तिसऱ्या आठवड्यात सत्याची उबळ येते. ‘आता बोललंच पाहिजे’ असं वाटू लागतं. जो गृहस्थ नोकरीत असताना ‘पाऊस पडतो आहे’ हे वाक्यसुद्धा विधी विभागाकडून तपासून घ्यायचा, तो एकदम निर्भीड होतो. आमच्या जनसंपर्काच्या धंद्याने २१ एप्रिल १९६८ला दिल्लीतल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहिता स्वीकारली. तिची आठवण पुष्कळांना हार घालून झाल्यावरच होते.

मीही त्या उंबरठ्यावर होतो. पण गौप्यस्फोट करायला आधी काही गुप्त असावं लागतं. आठवून आठवून हाती काय लागलं? अध्यक्षांच्या तोंडी मी घातलेली वाक्यं, जी पुढे ते स्वतःचीच म्हणून मला ऐकवत. बड्या लोकांच्या आजारपणाची खबर लागताच तयार करून ठेवलेले शोकसंदेश. आणि कात्रणं मोजायची पट्टी. ही पट्टी बाहेरच्यांना ठाऊक नसते. छापून आलेली बातमी सेंटिमीटरमध्ये मोजायची, त्या पेपराच्या जाहिरातदराने गुणायची आणि ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी फुकटात मिळवली’ असा अहवाल वर पाठवायचा. २०१० साली बार्सिलोनात या व्यवसायातल्या मोजणीवाल्यांनी जमून जाहीर केलं की, हा हिशेब म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे. ते वाचून आम्ही नवी पट्टी मागवली, कारण जुनीचे आकडे पुसट झाले होते. यात गौप्य कुठे आहे आणि स्फोट कशाचा करायचा?

तेव्हा थोरांनी काय केलं ते पाहू म्हटलं. एडवर्ड बर्नेज हा फ्रॉइडचा भाचा. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत त्याने बायकांच्या हाती सिगारेटी देऊन त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणवून घेतलं. पैसे सिगारेट कंपनीचे होते. १९६५मध्ये त्याने जाडजूड आत्मचरित्र लिहिलं आणि पुढे १०३ वर्षांचा होऊन १९९५ साली वारला. जनसंपर्काचा जनक म्हणून दुसरं नाव घेतलं जातं ते आयव्ही ली याचं. तो १९३४मध्येच गेला होता. जनक कोण, हा वाद बर्नेजने मुख्यतः जिवंत राहून जिंकला.

दुसरे आपल्या याच गावात जन्मलेले एच. वाय. शारदा प्रसाद. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात गेलेले, ‘योजना’चे संपादक आणि पुढे कितीतरी वर्षं इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार. त्यांनी पाहिलेल्या गोष्टींच्या शतांशाने दिल्लीतल्या दहा प्रकाशकांची घरं झाली असती. त्यांनी स्तंभलेखन केलं, आणि २००३मध्ये निबंधांचं पुस्तक काढलं त्याचं नावच ठेवलं, ‘द बुक आय वोन्ट बी रायटिंग’. सगळे ज्याची वाट पाहत होते ते पुस्तक मी लिहिणार नाही, एवढं मुखपृष्ठावरच सांगून टाकलं. व्यवसायबंधू म्हणून मी त्यांना मुजरा करतो. वाचक म्हणून मात्र जरा चुटपुट लागते. आणीबाणीतही ते त्याच कामावर होते, आणि त्या महिन्यांबद्दल त्यांच्याकडून भरपूर ऐकायला मला आवडलं असतं.

तिसऱ्यांच्या तर नावाच्या वस्तीतच राहतो. राजाजी गव्हर्नर जनरल झाले, केंद्रात गृहमंत्री झाले, १९५४मध्ये मद्रासचं मुख्यमंत्रिपद सोडून मोकळे झाले. वय पंचाहत्तर. मग ‘स्वराज्य’ साप्ताहिकात ‘डियर रीडर’ म्हणून वाचकांना पत्रवजा लिहू लागले. पण नुसतं लिहून थांबले नाहीत. ऐंशी वर्षांचे असताना, १९५९मध्ये, त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि ‘परमिट-लायसन्स राज’ म्हणत जुन्या सहकाऱ्यांशीच भांडण उघडलं. त्यांची मतं मला सगळीच पटतात असं नाही. तरी निवृत्तीनंतरच्या निर्भीडपणाला किंमत मोजावी लागते, ती त्यांनी मोजली. मी कोणता पक्ष काढणार? आमच्या उद्यानातल्या कट्ट्यावर तरी माझ्या बाजूने दोन माणसं उभी राहतील का, याची मला शंका आहे.

कट्ट्यावरून आठवलं. तिथे रोज “एन् समाचार, सार?” म्हणून स्वागत होतं आणि सवयीने माझ्या तोंडून निवेदन बाहेर पडतं. २०२५च्या मे महिन्यात मात्र मला कुणी बोलूच दिलं नाही. म्हैसूर सँडल साबणासाठी तमन्ना भाटिया हिला दोन वर्षांचे ६ कोटी २० लाख रुपये. कन्नड नटी का नाही, यावर कट्टा पेटला होता. साबणाचा सरकारी कारखाना इथून जवळच, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मंत्र्यांनी खुलासा केला की, कर्नाटकाबाहेरची बाजारपेठ हवी आहे. खुलासा नीटनेटका होता. मी मनातल्या मनात त्याला दहापैकी सात गुण दिले.

पण मला आठवले ते हा साबण पहिल्यांदा तयार करणारे एस. जी. शास्त्री. सुरुवातीच्या काळात या साबणाच्या जाहिराती ट्रामच्या तिकिटांवर आणि काड्यापेट्यांवर छापल्या जात, आणि कराचीत तर त्यासाठी उंटांची मिरवणूक काढली होती. विचार करा, सूत्रसाहेब. भर रस्त्यात उंट चाललेत, सगळं उघड. ही जाहिरात आहे हे बघ्यांतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. ‘उंट साबणाने आंघोळ करत असल्याचे समजते’ असं कुणाला खालच्या आवाजात सांगावं लागलं नाही. मला वाटतं, आपला धंदा उंटावरून उतरून तुमच्या खोलीत शिरला तिथेच बिघडला. प्रसिद्धी हवी, तर तोंड दाखवून मागावी. इतकी वर्षं तुमच्यासाठी दार लोटून दिल्यावर निदान आता तरी असंच लिहावं म्हणतो, मग विषय भाजीचा का असेना.

आता मुख्य मुद्दा. परवा माझ्या एका जुन्या साहेबांचा फोन आला. त्यांचं नाव सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहेच. मी लिहू लागल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. “माझ्याबद्दल काही लिहिणार नाहीस ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “छे, साहेब. तुमच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग किंचित दुखावलेल्या सुरात त्यांनी सांगितलं की, तेही आत्मचरित्र लिहिताहेत. अगदी मनापासून. परखड. कुणाचीही भीड न ठेवता. फक्त ते लिहून देणारं कुणीतरी हवं आहे, आणि लिहिणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही.

मी तुमचं नाव सुचवलं आहे. या आठवड्यात फोन येईल. पहिलं प्रकरण बालपणीच्या गरिबीवर हवं आहे; गरिबी तुम्हालाच शोधावी लागेल, कारण त्यांच्या वडिलांची राइस मिल होती. मानधनाचं आधी बोलून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रिटायर झालेला, राजाजीनगर