तुमच्या कासवात नवीन काय?

भाच्याचा फोन रात्री साडेअकराला आला, म्हणजे पुळणीवरून आला. तो कोकणात कासवांची अंडी राखतो. नोव्हेंबर लागला की रात्रभर किनाऱ्यावर फेऱ्या मारायच्या, ऑलिव्ह रिडलेचा माग दिसला की घरटं हुडकायचं, शंभर-सव्वाशे अंडी मोजून उचलायची, हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची आणि पुढचे पन्नासेक दिवस कोल्ह्याकुत्र्यांशी वैर घ्यायचं. यातली मिळकत अशी, की स्थळाकडची माणसं ‘मुलगा काय करतो?’ विचारू लागली की त्याची आई, म्हणजे आमची ताई, लगबगीने पोहे आणायला आत जाते.

“मामा, पर्यावरणासाठी जगात पैसा नुसता वाहतोय म्हणे. तुझं इंग्रजी बरंय. एक फॉर्म भरून दे ना.”

माझं इंग्रजी बरं आहे ही आमच्या घराण्यातली जुनी अफवा आहे. ती मी कधी खोडली नाही, त्याची ही फळं.

पैसा आहे, हे मात्र खोटं नाही. लंडनचा व्हिटली पुरस्कार 50,000 पौंडांचा; राजकन्या अ‍ॅन यांच्या हस्ते मिळतो, आणि लोक त्याला ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणतात. अबू धाबीचा मोहम्मद बिन झायेद निधी एकेका प्रजातीसाठी 25,000 डॉलरपर्यंत देतो. रफर्ड फाउंडेशन नवख्यांनाही हात देतं. तरुण संवर्धकांना घडवणारा ‘कॉन्झर्वेशन लीडरशिप प्रोग्राम’ आहे. त्याचं आधीचं नाव ‘बीपी कॉन्झर्वेशन प्रोग्राम’. बीपी म्हणजे रक्तदाब नव्हे, तेलकंपनी. पक्षितज्ज्ञ सलीम अलींना सत्तरच्या दशकात 50,000 डॉलरचं पारितोषिक मिळालं, तेही जे. पॉल गेटी या तेलसम्राटाच्या नावाचं. अबू धाबीच्या वाळूखाली काय सापडतं हे सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या किनाऱ्याला डांबरगोळे लागतात, ते फुकट येतात. तेच तेल धनादेश होऊन यायचं म्हटलं की अर्ज करावा लागतो.

फॉर्म उघडला. संस्थेचं नाव सांगत नाही; न जाणो, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर? पहिलाच प्रश्न होता: तुमच्या प्रकल्पात नवीन काय?

भाच्याला विचारलं. बराच वेळ नुसती लाटांची गाज ऐकू आली. मग म्हणाला, “नवीन काही नाही. गेल्या वर्षी केलं तेच.”

इथेच सगळी गोम आहे. समुद्री कासवं दहा कोटी वर्षांहून जास्त काळ एकच प्रकल्प राबवत आहेत: समुद्रातून वर यायचं, खड्डा करायचा, अंडी घालायची, परत जायचं. त्यात त्यांनी एकदाही नवीन संकल्पना आणली नाही. आणि राखणाऱ्याचं काम त्याहून रटाळ. आज राखायचं, उद्या राखायचं, परवा पुन्हा तेच. पण जुनं काम नीट चालू ठेवण्यासाठी पैसे मागणारा माणूस निवड समितीला आळशी वाटतो. ड्रोन म्हणा, अ‍ॅप म्हणा, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणा, समितीचे डोळे लगेच पाणावतात. बॅटरीचे सेल आणि चहापत्ती म्हटलं, की त्याच डोळ्यांना झापड येते. शिवाय प्रकल्पाची मुदत दोन वर्षं. आज सोडलेलं पिल्लू अंडी घालण्याइतकं मोठं व्हायलाच बारा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे अंतिम अहवाल जाईल तेव्हा आमचा लाभार्थी फार तर बालवाडीत असेल.

सलीम अलींची आठवण होते. 1930 च्या दशकात नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे सरळ हिशेब ठेवला: तंबूचा आणि प्रवासाचा खर्च द्या, पक्ष्यांची पाहणी फुकट करून देतो. हैदराबादने दिला, त्रावणकोरने दिला. तुमच्या बुलबुलात नवीन काय, असं निजामाने विचारल्याची नोंद नाही.

‘आसाममध्ये बघ काय केलं,’ मी भाच्याला म्हटलं. तिथला हरगिला, म्हणजे मोठा गरुड करकोचा, दिसायला तुमच्याआमच्यासारखाच, पण वासाला वाईट. घरटी असलेली झाडं लोक तोडून टाकत. पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायका गोळा केल्या आणि त्या पक्ष्याचं चक्क डोहाळजेवण घातलं. हजारो बायकांची हरगिला सेना उभी राहिली. 2017 मध्ये त्यांना व्हिटली मिळाला आणि 2024 मध्ये 1 लाख पौंडांचा व्हिटली गोल्ड. आपणही कासवाचं डोहाळजेवण करू! माझ्या मागून ताई ओरडली, “मी वाडी भरते!” पण आसामात झालं म्हणजे ते आता नवीन राहिलं नाही. कल्पना बारगळली. ताईने मात्र पुरणाचं सामान आणून ठेवलंय.

पुढचा प्रश्न: लाभार्थींमध्ये स्त्रियांचं प्रमाण किती?

“वाळू किती तापते त्यावर आहे,” भाचा म्हणाला. खरंच आहे ते. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्याचं तापमान ठरवतं. वाळू तापली की माद्या वाढतात. हवामानबदलाने स्त्रियांचा टक्का सुधारतोय, असं लिहायचा मोह झाला. आवरला.

प्रजातीची स्थिती? आमचं कासव आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ आहे. पैसे देणारी संस्था फक्त ‘संकटग्रस्त’ आणि ‘अतिसंकटग्रस्त’ घेते. म्हणजे अजून पुरेसं मरायला टेकलेलं नाही. आम्ही ते नीट राखलं तर पैसे कधीच मिळणार नाहीत.

कार्यक्षेत्राचा नकाशा जोडा, सीमा बदलल्यास पूर्वपरवानगी घ्या. आता 2021 मध्ये ओडिशात बिल्ला लावलेलं एक कासव 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडलं. अख्ख्या भारताला वळसा घालून आलं असणार, तेही प्रवासभत्त्याशिवाय. परवानगी कुणाची घेतली, ते बिल्ल्यावर लिहिलेलं नव्हतं.

मग तो तक्ता. उद्दिष्ट, फलित, निर्देशक, गृहीतकं अशा चौकटींचा हा ‘लॉगफ्रेम’ 1969 च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी घडवला गेला. 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएडच मोडीत काढली, जगभरातली कितीतरी संवर्धनाची कामं मधेच लटकली. तक्ता मात्र टुणटुणीत आहे.

आणि एवढं करून पैसे मंजूर झाले तरी ते कोकणात थेट येत नाहीत. परदेशी मदत घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षांची हवी आणि तेवढ्या काळात तिने 15 लाख रुपये कामावर खर्च केलेले हवेत. “पंधरा लाख असते तर फॉर्म कशाला भरला असता?” भाच्याचा हा प्रश्न मी कुठल्याच चौकटीत बसवू शकलो नाही. 2020 च्या दुरुस्तीपासून हा पैसा आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेत उतरतो. त्या शाखेपासून सर्वांत जवळचं ऑलिव्ह रिडले किती किलोमीटरवर आहे, हे कुणी मोजलेलं नसावं.

अर्जाची अंतिम वेळ होती ग्रीनिच वेळेनुसार रात्री 11.59. म्हणजे आपल्या पहाटेचे 5.29. साडेचारला आम्ही शेवटच्या प्रश्नावर पोचलो: निधी संपल्यावर हे काम कसं चालू राहील?

“आत्ता चालू आहे तसंच,” तो म्हणाला, आणि लगेच त्याचा आवाज एकदम खाली आला. “मामा, ठेवतो. वर आलंय.”

फोन बंद. मी पडद्यावरचे सेकंद बघत बसलो. पाच वीसला निरोप आला: “118.” पुढे ना मागे काही. त्या घाईत मला दुसरं काही सुचेना, म्हणून शेवटच्या चौकटीत तेवढंच लिहिलं आणि बटण दाबलं.

लाल अक्षरं उमटली: किमान पन्नास शब्द आवश्यक.